वाऱ्याच्या गावातला भांग

माणसं मला वरून दिसतात.
चेहरा आरशात असतो, तिथं काहीही खपून जातं.
टाळूला खोटं बोलता येत नाही.

एकतीस वर्षं झाली, पुन्ता अरेनासमध्ये
या एका खुर्चीमागं उभी आहे.
आजोबा क्रोएशियाहून आले ते मेंढ्या राखायला,
वडिलांनी लोकर तोलली,
मी माणसं कातरते.
इथं वारा असा, की चौकात दोर बांधतात
लोकांना धरून चालायला.
टोपी उडाली तर तिच्यामागं कुणी धावत नाही.

मिर्ता ओयार्सो खेकड्यांच्या कारखान्यात कवचं फोडते.
ऑगस्टपासून सोळा किलो उतरली.
पाववाली म्हणाली, काय दिसतेस!
मुकादम म्हणाला, चर्चच्या पायरीवर फादरसुद्धा म्हणाले.
गुडघे तर बोलायचेच थांबले, इतके खूश.
सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी कोबी,
रात्री गरम पाणी आणि लवकर झोप.
पोटात कावळे ओरडले
की ती कूस बदलायची.

नोव्हेंबरात आली ती डोक्याला रुमाल घट्ट बांधून.
पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला, उघडला.
आत तिचेच केस, बोटाभोवती गुंडाळून ठेवलेले,
आणि एक चिठ्ठी:
सोमवार एकशे चाळीस.
मंगळवार एकशे त्रेसष्ट.
बुधवारी रडू आलं, आकडा चुकला.

मी रुमाल सोडला. केस ओले केले.
भांग होता सुताएवढा,
आता त्यात बोट आडवं मावत होतं.

लहानपणी लाकूड संपत आलं, की माझी आई
आधी पाहुण्यांची खोली बंद करायची,
मग बैठकीची,
मग आम्ही सगळे स्वयंपाकघरात, एका चुलीभोवती.
अंग म्हणजे घरच की, मी मिर्ताला म्हटलं.
काळीज पेटतं ठेवायचं तर
केसांची खोली पहिल्यांदा थंड पडते.
आणि केस उशिरा कळवतात.
ऑगस्टची भूक आत्ता गळतेय.
लांबच्या बोटीनं आलेलं पत्र हे,
लिहिणारा कधीच उठून गेला.

"मग परत येतील?"
माझ्या भावजयीचे आले होते, पेर्काचे. पण कुरळे.
मला माहीत होतं तेवढंच सांगितलं.
"की पुन्हा जाडी होऊ, डानित्सा?"
हा प्रश्न कात्रीला विचारायचा नव्हता.
मी कात्री खाली ठेवली.

कारण ऑक्टोबरात ती आली होती तेव्हा
मीही म्हणाले होते, काय दिसतेस!
आणि त्याच वेळी कंगव्यातला पुंजका
मुठीत लपवून टोपलीत टाकला होता.
गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून.
केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच,
आणि केस तिचेच होते.

हे मी तिला सांगितलं.
ती आरशातून माझ्याकडं बघत राहिली,
बराच वेळ,
मग म्हणाली, काप. हनुवटीपर्यंत.

कापताना दिव्याच्या उजेडात दिसले,
कपाळाच्या कडेला,
पापणीएवढे,
नुकतेच उभे राहिलेले, कुणाचंही न ऐकणारे.
दुसरा आरसा धरून दाखवले तिला.
तिनं चष्मा आणला नव्हता.
"तू म्हणतेस तर असतील," म्हणाली.
माझ्या म्हणण्यावर तिनं आता का विश्वास ठेवावा,
ते मी विचारलं नाही.

दुपारचं माझं जेवण होतं, मसूर आणि पाव.
निम्मं तिच्यापुढं ठेवलं.
सवयीनं ती घास मोजू लागली, ओठ हलत होते.
सातव्यानंतर आकडा चुकला.
पुन्हा पहिल्यापासून मोजावं का, असं
चमचा हातात धरून थांबली थोडी.
मग खिडकीबाहेर बघत खात राहिली.
पावाचा तुकडा मात्र रुमालात गुंडाळला.
रात्रीसाठी, की कबुतरांसाठी, कोण जाणे.

डबा न्यायला विसरली, की ठेवून गेली?
दार उघडलं तसा वारा आत घुसला,
आणि फरशीवर दिवसभराचे सगळ्यांचे केस,
शिक्षिकेचे, कोळ्याचे, मिर्ताचे,
एका कोपऱ्यात जाऊन बसले.
झाडू हातात घेऊन मी उभी.
ओळखायला गेले, तर एकही ओळखू येईना.